जोडपत्र चौदा

पाकीट आलं तेव्हा रूपाली भद्रे चौथीच्या वर्गाला श्रुतलेखन देत होती. पाकिटावर विधिमंडळाचा शिक्का होता, म्हणून मुख्याध्यापक ते स्वतः वर्गात घेऊन आले आणि ती उघडेपर्यंत दारातच उभे राहिले.

पहिल्या पानावरचं तिने दोनदा वाचलं. नांदेडची आसना बस सेवा आणि लातूरची रेणा ट्रान्सपोर्ट या दोन खाजगी कंपन्या एक होणार होत्या. त्याला मंजुरी देणारा आयोग दिल्लीत. पण रस्त्याचे परवाने राज्याचे, म्हणून या एकत्र होण्यात लोकांचं हित आहे की नुकसान हे तपासायला विधिमंडळाने आमदारांची एक समिती नेमली होती. समिती नांदेडला येत होती, आणि श्रीमती भद्रे यांनी 'आपण सादर केलेल्या निवेदनाच्या अनुषंगाने' गुरुवारी सकाळी अकरा वाजता साक्षीला हजर राहायचं होतं.

"सर, मी कुठलंच निवेदन दिलेलं नाही," रूपाली म्हणाली.

मुख्याध्यापकांनी मागची पानं उलटली. "हे काय आहे मग?"

पानाच्या डोक्यावर 'जोडपत्र क्र. १४' असं छापलं होतं. त्याखाली तिचंच अक्षर. दोन वर्षांपूर्वी तिने आरटीओ आणि कलेक्टर या दोघांनाही पाठवलेला अर्ज. शेवटच्या ओळीखाली कुणीतरी हिरव्या शाईने रेघ मारली होती: 'तरी या दोन कंपन्यांमधील स्पर्धा तात्काळ बंद करावी, ही विनंती.' आणि हा कागद समितीला रूपालीने नव्हे, कंपन्यांनी दिला होता. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं की स्पर्धा बंद व्हावी अशी प्रवाशांचीच जुनी मागणी आहे, पाहा जोडपत्र चौदा.

रूपालीला आधी त्याचा अर्थच लागेना. मुलं थांबली होती. एकाने विचारलं, "म्याडम, पुढचा शब्द?" तिला पुढचा शब्द आठवला नाही.

हिवरखेड्याची शाळा नांदेड-लातूर रस्त्यापासून दोन किलोमीटर आत होती. रस्त्यावर गावाच्या नावाची एक पाटी, एक लिंबाचं झाड आणि चहाची टपरी, एवढंच. रूपाली रोज नांदेडहून यायची आणि पाचच्या सुमाराला परत जायची. शाळेत खिचडी शिजवणारी जगदेवी गावातलीच, पण बाजाराच्या दिवशी ती रूपालीसोबत पाटीवर यायची आणि लोह्यापर्यंत त्याच बसने जायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी आसनाची बस थांबली. जगदेवीने पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात मागून रेणाची बस हॉर्न मारत आली. ती पुढे निघून पुढच्या पाटीवरची माणसं उचलणार, हे पाहून आसनाच्या ड्रायव्हरने गाडी दामटली. जगदेवी खाली पडली आणि मागचं चाक तिच्या उजव्या घोट्याला घासून गेलं.

रूपालीने ते चार हातांवरून पाहिलं होतं. जगदेवी ओरडलीही नव्हती. ती नुसती पिशवीतून सांडलेले रिकामे डबे गोळा करायला लागली होती, पाय तसाच पडलेला.

पुढे साडेतीन महिने प्लास्टर. आसनावाले म्हणाले, रेणाने हॉर्न वाजवून ड्रायव्हरला बिचकवलं. रेणावाले म्हणाले, आमची गाडी बाईला लागलीच नाही. तेव्हा रूपालीने रागाने एका बैठकीत अर्ज लिहिला होता. उत्तर कुणाचंच आलं नव्हतं. आता आलं होतं, आणि ते असं.

दुपारी ती कागद घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत गेली. जगदेवी स्टुलावर बसून पातेलं ढवळत होती. अपघातापासून तिला फार वेळ उभं राहता येत नसे.

"बाई, तुमी त्या अर्जात काय लिव्हलं व्हतं?" सगळं ऐकून जगदेवीने विचारलं.

"दोन्ही गाड्यांची पळापळ बंद करा म्हणून."

"मग आता ते काय करून राहिले?"

"दोन्ही कंपन्या एक करून राहिलेत."

"म्हंजी गाडी एकच येनार?"

"गाड्या तेवढ्याच राहतील म्हणतात. मालक एक."

जगदेवीने जाळ कमी केला. "खरं सांगू का? माझा पाय गेला त्यो पळापळीनंच. पर आपल्या पाटीवर गाडी थांबती, ती बी पळापळीनंच. पयले कोन थांबत व्हतं हितं? आसनावाला थांबाया लागला म्हून रेणावाला थांबाया लागला. मालक एक झाला तर त्याला धाक कोनाचा?"

"मग एक होऊ नये म्हणता?"

"मी कुटं म्हनून राहिले?" जगदेवी चिडली. "घोटा दुखाया लागला की वाटतं, दोगं बी बंद व्हावेत. बाजाराच्या दिशी वाटतं, अजून चार याव्यात. मला काय इचारता? शिकलेल्या तुमी हाव."

रूपाली कागद घेऊन वर्गावर परत गेली. तिचा नवरा सुगत सोलापूरला नोकरीला होता, रात्री फोनवर त्याने विचारलं, "तू त्यांच्या बाजूची की विरुद्ध?" ती म्हणाली, "मलाच माहीत नाही. मी जगदेवीबाईंच्या बाजूची होते." तो हसला, पण तिला हसू आलं नाही.

रविवारी दुपारी रूपालीच्या नांदेडातल्या, तरोड्याच्या घरी एक गृहस्थ आले. उद्धव पांगरेकर, दोन्ही कंपन्यांच्या वतीने समितीचं काम पाहणारे. पांढरा शर्ट, मृदू आवाज. आपल्यासाठी खुर्ची ओढायला त्यांनी रूपालीच्या वडिलांना, केरबांना, उठू दिलं नाही. केरबा मुदखेडला रेल्वेत रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. निवृत्त होऊन ते मुलीकडे राहायला आले होते.

"मॅडम, तुमचा अर्ज वाचून मला खरंच वाईट वाटलं," उद्धवराव म्हणाले. "हे थांबायलाच पाहिजे. आणि दोन मालक आहेत तोवर हे थांबणार नाही. ड्रायव्हरला दोष देऊन काय उपयोग? मागची गाडी पुढे गेली की ह्याची ट्रिप रिकामी. एक कंपनी झाली की वेळापत्रक एक. पाच वाजताची गाडी पाचला, साडेपाचची साडेपाचला. पळायचं कुणाशी?"

हे रूपालीला पटलं. पटलं म्हणूनच ती अस्वस्थ झाली. "मग मी काय करायचं?"

"काही नाही. तुमचाच अर्ज तुम्ही वाचून दाखवायचा. एक शब्द इकडचा तिकडे नको."

केरबा इतका वेळ पंख्याकडे बघत बसले होते. ते म्हणाले, "साहेब, हिवरखेड्याच्या पाटीवर गाडी थांबंल न्हवं?"

"थांब्यांचा अभ्यास चालू आहे, काका. जिथे प्रवासी पुरेसे असतील तिथे नक्कीच."

"पुरेसे म्हंजी किती?"

उद्धवराव हसले. "तेच ठरायचंय."

ते गेल्यावर केरबा म्हणाले, "मानूस वाईट न्हाई. रेल्वेत बी एका लाइनीवर दोन गाड्या एकदम सोडत न्हाईत. सोडल्या तर काय होतं, ते म्या उचललंय ह्या हातानं."

"म्हणजे एक झालं तर बरं?"

"तसं म्हनता येतं." थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "पर रेल्वे बी एकटीच हाय की. आन लहान टेसनावर गाडी थांबायची बंद झाली, तवा आमी गँगमन लोकांनी किती अर्ज केले. काय झालं?" मग पान लावायला ते आत गेले. आपण कुठल्या बाजूने बोललो, ते त्यांनाही समजलं नसावं.

दुसऱ्याच दिवशी शाळेतून परतताना विमल धानोरकरांचा फोन आला. विमलताई प्रवासी मंडळाच्या चिटणीस, निवृत्त प्राध्यापिका. त्यांचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा होता. "रूपाली, तुमच्या एका ओळीने आम्हा सगळ्यांचा घात होतोय, कळतंय का तुम्हाला? उद्या हेच एकटे राहिले की तिकीट ते म्हणतील ते. दसरा-दिवाळीला काय करतील, बघा. तुम्ही समितीपुढे सांगा, अर्ज मागे घेते."

"ताई, पण अर्ज खोटा नाही. जगदेवीबाईंचा पाय खरंच गेला."

"पाय गेला म्हणून गळा द्यायचा का?"

रूपालीला हेही पटलं. बसच्या खिडकीला डोकं टेकवून ती आपल्या मनाशी दोन्ही बाजू मांडू लागली आणि लोहा येईपर्यंत कुठली कुणाची हेच विसरली. पाकिटासोबत आलेल्या समितीच्या फॉर्मवर दोन चौकोन होते, 'समर्थन' आणि 'विरोध'. बुधवारपर्यंत तिने दोनदा पेनचं टोपण काढलं आणि दोनदा लावलं.

गुरुवारी जगदेवी न बोलावता आली. नवं लुगडं नेसून ती कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी उभी होती. "म्या बी येते आत," ती म्हणाली. "माझ्या पायाचं चाललंय, आन म्याच घरी बसू का?"

सभागृहात एसी इतका होता की जगदेवीने पदर अंगभर ओढून घेतला. समोर सात आमदार, मध्ये अध्यक्षा उमादेवी मुळजकर, जाड चष्म्याच्या, हातात पेन्सिल. एका बाजूला कंपन्यांचे वकील आणि उद्धवराव, दुसऱ्या बाजूला विमलताई आणि त्यांचं मंडळ.

रूपालीच्या आधी चाकूरच्या एका शेतकऱ्याचा नंबर होता. बसवराज त्याचं नाव. त्याची मुलगी रोज लातूरला क्लासला जायची. तो म्हणाला, "साहेब, मला भाडं किती ते नका सांगू. पोरगी सातला घरी येते का साडेआठला, ते मला सातलाच कळलं पाहिजे. दोघांच्या नादात कोणती गाडी कधी येईल याचा पत्ताच नसतो. एक करा, पण टाइमावर आणा." विमलताईंनीही मान खाली घातली. रूपालीने मनातल्या मनात 'समर्थन'च्या चौकोनावर खूण केली.

मग वाहकांच्या संघटनेचा माणूस उठला. एक झाल्यावर डेपो एकच राहील, दीडशे लोक घरी बसतील, तो म्हणाला. रूपालीने ती खूण मनातल्या मनात पुसली.

तिचं नाव पुकारलं गेलं. वकिलांनी तिच्या हातात जोडपत्र चौदा दिलं आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली. तिने वाचली.

"ही मागणी तुमचीच ना?"

"हो."

"स्पर्धा बंद करावी, असं आपण स्पष्ट शब्दांत म्हटलंय."

"हो, पण..."

"एवढंच. धन्यवाद."

"थांबा," उमादेवी म्हणाल्या. "पण काय, बाई?"

रूपालीने कागदाकडे पाहिलं. "मॅडम, मी मराठी शिकवते. मला सांगायला लाज वाटते, पण हा शब्द माझा चुकला. मला 'शर्यत' म्हणायचं होतं. त्या दोन गाड्यांची शर्यत लागली होती. पण सरकारी अर्जात 'शर्यत' बरं दिसणार नाही असं वाटलं, म्हणून मी 'स्पर्धा' लिहिलं. मला वाटलं होतं, दोन्हीचा अर्थ तोच."

कुणीतरी मागे हसलं. वकील म्हणाले, "अर्थामध्ये फरक तो काय? शर्यतही दोघांतच लागते."

"तेच मला कळत नाही," रूपाली म्हणाली. "शर्यत नको, हे मला नक्की माहीत आहे. दोघं असले की शर्यत लागणारच, असं हे म्हणतात. तसं असेल तर एक होऊ दे. पण दोघं होते म्हणून आमच्या पाटीवर गाडी थांबायला लागली, हेही खरं आहे. मी आठ दिवस विचार करते आहे. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं."

"फॉर्मवर काहीच खूण नाही तुमची," दुसरे एक आमदार कागद चाळत म्हणाले. "समर्थन की विरोध, एक काहीतरी सांगा. आम्हाला नोंद करावी लागते."

"मला ठरवता येत नाही, साहेब."

तेवढ्यात मागून जगदेवी उभी राहिली. शिपाई तिच्याकडे धावला, पण उमादेवींनी हाताने त्याला थांबवलं.

"म्याच ती," जगदेवी म्हणाली. तिने लुगडं वीतभर वर घेऊन घोटा दाखवला. "मला येकच इचारायचं हाय. गाडी नाही थांबली, तर आज म्या दुसऱ्या गाडीला हात करते. पयल्याला त्याची खुन्नस येती आन उद्या त्यो थांबतो. उद्या मालक येक झाला, आन गाडी नाही थांबली, तर म्या कोनाला हात करू?"

उमादेवींनी उद्धवरावांकडे पाहिलं. "उत्तर आहे?"

"आमचा टोल-फ्री नंबर राहील, मॅडम," उद्धवराव म्हणाले. बोलताना त्यांनी जगदेवीकडे पाहिलं नाही.

उमादेवींनी पेन्सिलने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते तिथून दिसत नव्हतं. मग जेवणाची सुट्टी झाली.

बाहेर आल्यावर विमलताई रूपालीला म्हणाल्या, "तुम्ही धड आमच्याही कामाच्या नाही आणि त्यांच्याही." त्यात राग कमी आणि थकवा जास्त होता. उद्धवराव जाता जाता नमस्कार करून गेले. रूपालीला आपण हरलो असं वाटत होतं, पण कशात, हे सांगता आलं नसतं. जगदेवीला गुरुद्वारा बघायचा होता. दोघी तिथे गेल्या, लंगरमध्ये जेवल्या आणि साडेतीनला परत फिरल्या.

समितीचा अहवाल पाच महिन्यांनी आला. एकत्रीकरणाला समितीने हरकत घेतली नव्हती, पण अकरा अटी घातल्या होत्या. सातवी अट अशी की आज चालू असलेला कुठलाही थांबा दोन वर्षं बंद करायचा नाही, आणि नंतर करायचा असल्यास तालुक्याच्या ठिकाणी लोकांचं म्हणणं आधी ऐकायचं. तक्रार घ्यायला प्रत्येक तहसीलमध्ये एक माणूस नेमायचा होता, नुसता फोन नंबर नव्हे. या अटी कुणामुळे आल्या, ते अहवालात नव्हतं. साक्षींच्या गोषवाऱ्यात रूपालीच्या नावापुढे एकच वाक्य होतं: 'सदर साक्षीदारांनी ठोस भूमिका घेतली नाही.' जगदेवीचं नाव कुठेच नव्हतं. ती साक्षीदारांच्या यादीत नव्हती ना.

रूपालीने ते जगदेवीला वाचून दाखवलं.

"म्हंजी आपलं ऐकलं का न्हाई ऐकलं?" जगदेवीने विचारलं.

"ऐकलंही असेल," रूपाली म्हणाली.

पावसाळा संपता संपता नव्या रंगाच्या बसेस रस्त्यावर आल्या. वर निळ्या, खाली पिवळ्या. शर्यत खरंच थांबली. भाडं थोडं वाढलं, डिझेलमुळे असं कंडक्टर म्हणाला. चाकूरची मुलगी आता वेळेवर घरी येत असेल, असं रूपालीच्या मनात कधीतरी येई. लोह्याच्या तहसीलमध्ये तक्रारीचा माणूस बसायचा, पण आठवड्यातून दोन दिवस, आणि नेमक्या कुठल्या दोन, याबद्दल तिथल्या शिपायांचंही एकमत नव्हतं.

कार्तिकातल्या एका बाजाराच्या दिवशी दोघी पाचला पाटीवर येऊन उभ्या राहिल्या. पाच दहाला बस आली. जगदेवीने हात केला. बस हळू झाली, पण थांबली नाही. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या दिशेने हलवला आणि निघून गेला. आत माणसं उभी होती.

"मागून येतीय म्हनला, का न्हाई म्हनला?" जगदेवीने विचारलं.

"मला नीट दिसलं नाही."

"हात मागं केला की त्यानं."

"निरोपाचाही असेल."

टपरीवाला शिवलिंग म्हणाला, "बसा हो बाई, येईल. नाही तर जीप सांगतो." त्याने दोन कप चहा पुढे केला. जगदेवीने रूपालीचा हात धरून पाय लांब केला आणि लिंबाच्या बुंध्याशी टेकली. नांदेडकडे जाणारे ट्रक एकामागून एक गेले. रूपालीने दोनदा मोबाइलमध्ये वेळ बघितली. टोल-फ्री नंबर लावून पाहिला. एक बाई हिंदीत म्हणत होती की आपला कॉल महत्त्वाचा आहे.

साडेपाच होऊन गेल्यावर वळणावर निळं टप दिसलं. ही बस अर्धी रिकामी होती. ड्रायव्हरने ती पार कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि आरशात बघत थांबला. जगदेवीने आधी पिशवी वर ठेवली, मग डावा पाय, मग दांडा धरून उजवा. वर जाऊन ती पहिल्याच सीटवर बसेपर्यंत त्याने किल्ली फिरवली नाही.

"बघा की," जगदेवी खिडकीकडे सरकत म्हणाली. "ह्यो किती चांगला हाय."

"हो," रूपाली म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसली.